मिस्त्रींचा जबाब

आमचे मिस्त्री आधी थप्पड मारायचे आणि मग विचारायचे, "कोण हायेस तू?"

वाळूजच्या त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या खात्यात, नवीन आलेल्या प्रत्येकाची ओळख अशीच झाली. गाल चोळत माणूस नाव सांगायचा. "ते बापानं ठेवलं. तू कोण?" मग गाव सांगायचा. "ते तर एसटीच्या पाटीवर बी लिवलंय." एकानं छाती काढून सांगितलं, आयटीआय फिटर. त्याला दुसरी बसली. "कागद ठेव बाजूला. आत्ता ज्याला लागलं ना, तो तू. त्याला सांभाळ. प्रेसखाली तो गेला तर ना बाप येतो, ना कागद."

मलाही बसली. मी तेव्हा सकाळी शहरात बीएच्या वर्गाला बसायचो आणि दुपारी कंपनीत उभा राहायचो. विषय मानसशास्त्र. वडील आडत बाजारात हमाल. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मी आजही मान वर करून सांगतो. तर गालावर पाच बोटं घेऊन मी दुसऱ्या दिवशी वर्गात बसलो आणि सर नेमकं शिकवत होते, की माणसाला कुणी अट न घालता आपलं म्हटलं, तर तो स्वतःला ओळखायला लागतो, आतून वाढतो.

चहाच्या वेळी मी हे मिस्त्रींना सांगितलं. खोकला येईस्तोवर हसले.

"मला बापानं कासऱ्यानं बडवलं, शेजाऱ्यानं पायताणानं, पहिल्या उस्तादानं पान्यानं. त्यातून मी झालो. झालो का नाय?"

झाले होते. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तो पान्याचा कान.

तुमच्यापैकी ज्यांनी प्रेस पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. दोन्ही हात बटणावर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या, डायच्या बाहेर. पण दिवसाचे ठरलेले नग भरायचे असतात. म्हणून पोरं एका बटणाच्या फटीत गुटख्याच्या पुडीची घडी खुपसायची. बटण दबलेलं राहायचं, एक हात पत्रा सरकवायला मोकळा. अशी पुडी दिसली की मिस्त्री लोखंडी पट्टी काढायचे. एकाचं नाक फुटलेलं मी पाहिलंय, रक्त जॉब कार्डावर सांडलं होतं. मी मध्ये पडलो तर पट्टी माझ्या मनगटावर आली.

"पोरांचे गाल लाल हायेत," ते फुशारकीनं सांगायचे, "मपली डाय लाल नाय." आणि खरंच, त्यांच्या लाईनवर कुणाचं बोट गेलेलं नव्हतं. हे मलाही कबूल करावं लागायचं.

सिल्लोडचा सुदाम माझ्या शेजारच्या प्रेसवर होता. लग्नाला वर्ष झालेलं, मिस्त्रींची सावली दिसली तरी घाबरणारा. त्या दुपारी त्याच्या बटणात पुडी होती. मिस्त्री स्टोअरमधून बाहेर आले. सुदामनं त्यांना पाहिलं आणि पुडी ओढायला डावा हात आडवा घातला. घाईत कोपर दुसऱ्या बटणावर पडलं. उजवा हात अजून डायमध्ये होता.

प्रेसचा आवाज रोजचाच आला. त्यामागून आला तो सुदामचा.

प्रेसचं चाक उलटं फिरवून डाय मिस्त्रींनीच उचलली. चार बोटं पत्र्याला चिकटली होती. त्यांनी अंगातला शर्ट फाडून मनगट आवळलं आणि सुदामला खांद्यावर टाकून पळाले. त्या दिवशी डाय मी धुतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जबाब मागितला. मिस्त्रींना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून मला बोलावलं. साहेब म्हणाले, "वारंवार सांगूनही कामगारानं स्वतः बटण अडकवलं, एवढंच लिहा." म्हणजे मिस्त्री मोकळे, आणि सुदाम एका हातानिशी घरी.

मिस्त्री मला भंगाराच्या ढिगामागं घेऊन गेले.

"लिव. पुडी त्यानं घातली, खरं हाय. पण हात मपल्या भ्यानं गेला. मला बघून दचकला तो."

"मिस्त्री, नोकरी जाईल तुमची. केस होईल."

"लिव म्हणलं ना."

"पण साहेबांनी सांगितलंय की..."

हात उठला. मी डोळे मिटले. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर हात तसाच वर होता. मग त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "लिव ना रं भाऊ."

मी लिहायला लागलो. ते सांगत गेले. "मी मारायचो. पट्टीनं मारायचो. लाथेनं बी. मला वाटायचं, मी ह्यांचे हात वाचवायलोय." इथं थांबले. "हे शेवटचं खोड. ती सबब हाय."

माणूस आहे तसा स्वतःला कबूल करतो, तेव्हाच बदलतो, असं मी परीक्षेत दोन पानं लिहून आलो होतो. चांगले मार्क पडले होते. ते भंगाराच्या ढिगामागं असं दिसतं, खिशात कोंबलेला हात, हे मला ठाऊक नव्हतं.

सही झाली. दोष एकट्या सुदामवर ढकलता येईना, म्हणून कंपनीला पुढं त्याला स्टोअरमध्ये काम द्यावं लागलं. मिस्त्रींना सहीच्याच दिवशी गेटबाहेर काढलं.

जबाबातला मजकूर गेटवर आधीच पोचला होता. सुदामचे दोन मेहुणे उभे होते. थोरल्यानं हेल्मेट मिस्त्रींच्या तोंडावर हाणलं. ते खाली पडले, डोकं गेटच्या गजावर आपटलं. धाकटा बरगडीत लाथा घालत होता. मिस्त्रींनी हात वर केले नाहीत. तोंड झाकायलाही नाही.

मी आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता आणि तसं चारचौघात मिरवायचो. मी थोरल्याच्या हातातलं हेल्मेट हिसकावलं आणि त्याच्याच तोंडावर मारलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दुसऱ्यांदा उचललं.

"ठेव खाली!" खालून मिस्त्री ओरडले. तोंडात रक्त होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "मपल्यासारखा व्हायचंय का तुला? ठेव!"

धाकट्याची लाथ हवेतच राहिली. मी हेल्मेट खाली ठेवलं. मिस्त्री गज धरून उठले आणि थोरल्याकडं बघितलं. तो ओठ धरून उकिडवा बसला होता.

"दात हाललाय त्याचा," मला म्हणाले. "पाणी दे त्याला."

मी वॉचमनच्या केबिनमधून तांब्या आणला. थोरल्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग ओंजळ पुढं केली. मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतत राहिलो. तो चूळ भरायचा, लाल थुंकायचा, पुन्हा ओंजळ धरायचा. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा मी मान वर केली. शिफ्टची बस भरून निघाली होती, आणि रस्त्यावर मिस्त्री नव्हते.