मागे कोणी नाही

पेपरात तीन ओळी आल्या होत्या. ‘निवृत्त बँक कर्मचारी व गिर्यारोहक दिगंबर साठे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, मुलगा, सून व नात असा परिवार आहे.’ बातमी मला आदल्या सकाळीच कळली होती. त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी, फोनवर ‘भाऊजी, जरा लवकर या’ एवढंच म्हटलं आणि पुढचं विचारायची गरज पडली नाही... पण छापलेलं वाचून मला रागच आला. एक तर दिगूला कुणी गिर्यारोहक म्हटलेलं खपायचं नाही. “मी चालतो हो, आरोहण वगैरे करत नाही,” म्हणायचा. आणि ‘त्यांच्या मागे’ म्हणे! अहो, या माणसाने आयुष्यभर एकच वाक्य घोकलं, ‘मागे कोणी नाही’. त्या वाक्याची गोष्ट सांगायलाच आज लिहायला बसलोय.

लक्ष्मी रोडवरच्या आमच्या शाखेत दिगू आणि मी शेजारशेजारच्या काउंटरवर होतो. मग संगणक आले, त्यांच्या पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि दिगूने सगळ्यांच्या आधी अर्ज दिला. मी चिडलो. म्हटलं, “अरे, चांगली नोकरी सोडून डोंगरात काय ठेवलंय?” तर म्हणाला, “वाट ठेवलीय. इथे आता वाट नाही, नुसता पासवर्ड आहे.” पुढच्याच आषाढात त्याने पहिला गट नेला, पन्हाळा ते विशाळगड. वेढ्यातून निसटून महाराज ज्या वाटेने गेले ती. महाराष्ट्राला ही वाट तोंडपाठ आहे, पायाखालून मात्र फार थोड्यांच्या गेलेली. गंमत म्हणजे त्याच्याबरोबर यायची ती सगळी हिंजवडीतली संगणकवाली पोरं. नवे कोरे बूट, पाठीवर कपाटाएवढ्या सॅक, आणि मसाई पठारावर पोहोचेपर्यंत निम्म्यांची जीभ बाहेर. “ज्यांच्यामुळे बँक सोडली तीच माझ्या राशीला आली,” असं तो म्हणायचा, पण खूश असायचा.

एकदा, फक्त एकदाच, मी त्या वाटेने त्याच्याबरोबर गेलो. बाकीचे वाटाडे पुढे असतात, झेंडा घेऊन, घोषणा देत. हा सगळ्यांच्या शेवटी. जो सर्वांत हळू चालेल त्याच्या मागे. त्याला ‘चल लवकर’ म्हणायचं नाही, ‘दमलास का’ असंही विचारायचं नाही. तो धापा टाकायला लागला की दिगू म्हणायचा, “थांब रे, माझी नाडी सुटली,” आणि खाली बसून निवांत बुटाची नाडी बांधत राहायचा. तेवढ्यात त्या पोराचा श्वास जागेवर यायचा. दिगूची नाडी दिवसभर सुटत होती! शेवटी मीच म्हटलं, “अरे, गाठ मारता येत नाही का तुला?” त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की हा माणूस इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून काय शिकला असा त्याला प्रश्न पडला असावा.

आणि नियम एकच. मुक्कामाला पोहोचलेल्याने बसायचं नाही. पाय मोडोत, पाऊस कोसळो, उभं राहायचं. शेवटून दिगू यायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, “मागे कोणी नाही.” की मग बसा. खिंडीत पोहोचल्यावर एका मुलीने कुरकुर केली तेव्हा तो एवढंच बोलला, “बाळ, राजा सुटला तेव्हा इथे माणसं मागे राहिली होती. ती राहिली म्हणून तो सुटला. पण आपल्याला आता कोणापासून सुटायचंय? मग का ठेवायचं कोणाला मागे?” मुलगी सरळ उभी राहिली. मीसुद्धा.

ती सवय घरातही शिरली. लग्नाला निघताना रिक्षात बसला की “मागे कोणी नाही”. सिनेमागृहातून बाहेर पडताना तेच. वहिनी वैतागायच्या. “मी शेजारीच बसलेय हो, दिसत नाही का?” कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीतली पोरं त्याला चिडवायची. याच्यावर काही परिणाम नाही.

फक्त एकदा ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याचा मुलगा निखिल अमेरिकेला गेला त्या दिवशी. आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. पोरगा आत गेला, काचेमागे दिसेनासा झाला, आम्ही गाडीत येऊन बसलो. दिगू शेवटी आला, दार लावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. वहिनींनी वाट पाहिली, मीही पाहिली... आणि गाडी तशीच पुण्याकडे निघाली.

त्याची एकच इच्छा होती, निखिलने एकदा त्या वाटेने बरोबर चालावं. पोरगा यायचा, नाही असं नाही. पण आला की सासुरवाडी, कोणाचं तरी लग्न, दाताचा डॉक्टर. “बाबा, पुढच्या वर्षी नक्की.” दिगू हसून म्हणायचा, “वाट कुठे जात नाही रे.” वाट जात नाही हे खरं, माणूस जातो, हे त्याला कोणी सांगायचं? यंदा निखिलने खरंच आषाढाचं तिकीट काढलं होतं. दिगूने त्याच्यासाठी बूट आणून ठेवले, दुकानात स्वतः घालून बघितले, दोघांचं माप एकच म्हणून. आणि ज्येष्ठात हा गेला. अरे, आषाढापर्यंत तरी थांबायचंस! इतक्या पोरांसाठी थांबलास, नाड्या सोडसोडून थांबलास, पोटच्या पोराच्या वेळीच तुला घाई झाली?

निखिल दिवसकार्य उरकूनही थांबला. म्हणाला, “काका, यंदाचा गट मी नेतो, म्हणजे... मी शेवटून चालतो.” वहिनी ताटं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आता मिळाली का रजा?” निखिलने खाली बघितलं. मग त्याच म्हणाल्या, “जा. नवे बूट चावतात, दोन मोजे घाल.”

माझे गुडघे आता चालण्यातले नाहीत, आणि वहिनी त्या वाटेला कधी गेल्याच नव्हत्या. आम्ही दोघं गाडीने पांढरपाणी गावावरून खिंडीपाशी जाऊन थांबलो. पाऊस बारीक होता. पोरं येत गेली. पोरं कसली, पहिल्या गटातले आता टक्कल पडलेले साहेब झालेत. एकेक जण येऊन उभा राहिला. बसलं कोणी नाही. बऱ्याच वेळाने वळणावर निखिल दिसला. त्याच्यापुढे एक मुलगी लंगडत होती. ती थांबली तसा तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच असणार... मला पुढचं नीट दिसेना.

तो आला, सगळ्यांवरून नजर फिरवली, तोंड उघडलं. “मागे...” म्हणाला आणि अडला. वळून वाटेकडे बघायला लागला. सगळे चिखलात तसेच उभे.

“निखिल,” वहिनी म्हणाल्या, “म्हण रे. पोरांचे पाय दुखतायत.”

“मागे कोणी नाही,” तो कसाबसा म्हणाला.

सगळे बसले. मीही एका दगडावर टेकलो. वहिनी तेवढ्या छत्री धरून उभ्याच राहिल्या, आलेल्या वाटेकडे तोंड करून.