वाडगा, फणस-शिसवाचा!

घरातला लाकडाचा भुसा आणि घरातले किस्से यांचं एकच आहे. कितीही केर काढा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पुन्हा जमलेले असतात! भुसा मी सुपलीत भरून कुंड्यांना घालते. किस्से कुठे घालायचे? म्हणून इथे मांडतेय.

आमचे हे नोकरीतून निवृत्त झाले आणि पापडी गावच्या बस्त्यावभावोजींच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले. बस्त्यावभावोजी यांचे ऑफिसातले जुने मित्र. त्यांच्या वाडीत मागच्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडाची लेथ मशीन. तिसरे दामूभाऊ. त्यांची शेजारीच केळी आणि चिकूची बाग. लाकूड त्यांचं, मशीन बस्त्यावभावोजींची आणि हौस आमच्या ह्यांची.

ती हौस शेडमध्येच राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण आमच्या ऋचाच्या साखरपुड्यात चांदीप गावचे व्याही म्हणाले, "रुखवत बिखवत काही नको हो." यांनी भरल्या हॉलमध्ये उत्तर दिलं, "वा! नको कसं? रुखवतात मी स्वतः केलेला लाकडी वाडगा असेल. तुकडे जोडून केलेला!"

तोपर्यंत यांनी साधा पोळपाटसुद्धा केला नव्हता.

* * *

हा वाडगा एका ओंडक्यातून कोरत नाहीत. लाकडाचे छोटे तिरपे तुकडे कापायचे, ते गोलात चिकटवून एक कडं करायचं, अशी कडी एकावर एक रचायची आणि मग मशीनवर फिरवून वाडग्याचा आकार काढायचा. पिवळा फणस आणि काळं शिसव असं आलटून पालटून लावलं की नक्षी आपोआप उमटते. ऐकायला किती सोपं!

पहिलं कडं जुळवलं. सगळे तुकडे मांडून झाले आणि शेवटच्या दोघांमध्ये ही एवढी फट!

बस्त्यावभावोजी ह्यांना म्हणाले, "परब, तुकडे बरोबर आहेत. तुझा गोलच चुकलाय."

दामूभाऊंनी फटीत बोट घालून बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हिच्यात एक केळीचा मुनवा लावू का? जागा फुकट कशाला घालवायची?"

हे दोन दिवस दामूभाऊंशी बोलले नाहीत. दामूभाऊंना ते कळलंच नाही. कारण हे तसेही फारसं बोलत नाहीत!

* * *

वटपौर्णिमेची सकाळ. मी नेसून, नथ घालून, तबक सजवून तयार. आणि सुताची गुंडी गायब! देवघर शोधलं, कपाट शोधलं. ह्यांना विचारलं तर हे चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले की समजायचं, पाणी मुरतंय.

तशीच तबक घेऊन रिक्षाने पापडीला गेले. शेडमध्ये माझं सूत सापडलं. ताज्या चिकटवलेल्या कड्याला गच्च गुंडाळलेलं! तुकडे सुटू नयेत म्हणून.

"अगो, सुतासारखी पकड कशालाच नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "सावित्रीने यमाकडून नवरा सोडवला होता. मला नवऱ्याकडून सूत सोडवायची वेळ आलीय!"

बस्त्यावभावोजी इतके हसले की त्यांची बायको मेरीबाई घरातून धावत आल्या. सूत काही सुटलं नाही, त्यावर सरस वाळला होता. शेवटी मेरीबाईंनी आपल्या शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ दिलं. त्या वर्षी वडाला मी पापडीच्या रिळाचे फेरे घातले. हे ठणठणीत आहेत, म्हणजे वडाला चाललं असणार.

* * *

फटी सरसाने बुजवून पहिला वाडगा मशीनवर चढला, तो दिवस तिघांनी सणासारखा साजरा केला. मलाही बोलावलं. बस्त्यावभावोजींनी मोटरसायकलचं हेल्मेट घातलं. दामूभाऊ दाराबाहेर उभे राहिले. आमच्या ह्यांनी पटाशी टेकवली मात्र, फाट्कन आवाज! वाडग्याचे तुकडे दाही दिशांना.

सगळे तुकडे गोळा केले. एक मिळेना.

दुपारी मेरीबाईंनी जेवायला वाढलं. माझा सोमवार, म्हणून मला केळी आणि दूध. बाकीच्यांना मटणाचा रस्सा. जेवता जेवता बस्त्यावभावोजींनी ताटातून काहीतरी काढून कडेला ठेवलं आणि म्हणाले, "मेरी, दालचिनी जरा मोठी टाकलीस."

आमच्या ह्यांनी ते उचललं, पुसलं, उजेडात धरलं. "दालचिनी कसली! हा माझा शिसवाचा तुकडा!"

आणि खिशात टाकला!

* * *

लग्न जवळ येत चाललं. दुसराही वाडगा फुटला. हे घरी आले की नुसते भिंतीकडे बघत बसायचे. एकदा ऋचा म्हणाली, "बाबा, बाजारातून आणू ना एखादा. कोण विचारतंय?" हे त्या रात्री जेवले नाहीत.

मग मी देवापुढे दिवा लावला आणि चहा सोडला. वाडगा धड मशीनवरून उतरेपर्यंत चहा नाही! ज्यांनी मला ओळखलंय त्यांना ह्याचा अर्थ कळेल. बाकी सगळे उपास मी हसत करते. चहाचा मात्र वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

शेडमध्ये बातमी पोचलीच. बस्त्यावभावोजी म्हणाले, "वहिनी, मीपण नोव्हेना धरलीय, नऊ दिवसांची प्रार्थना. आमचा संत जोसेफ स्वतः सुतार. फक्त त्याने लेथ मशीन बघितली नव्हती, म्हणून उत्तर यायला वेळ लागतोय!"

दामूभाऊंना एकदम वाईट वाटलं. "वहिनींनी चहा सोडला, तू प्रार्थना धरलीस. मग मी काय सोडू?"

आमचे हे पटाशी खाली न ठेवता म्हणाले, "तू सल्ले सोड."

* * *

देवाने ऐकलं ते एकादशीला. आणि तेही फराळाच्या ताटात!

मी उकडलेली रताळी ह्यांच्यापुढे ठेवली आणि साबुदाणा बघायला आत गेले. बाहेर येते तो काय! ह्यांनी सुरीने रताळ्याचे तिरपे तुकडे कापून ताटात गोल मांडलेला. कडं पूर्ण. कुठेही फट नाही!

"रताळ्यात जमतं, मग फणसात का नाही?" ह्यांनी मला असं विचारलं, जसं काही मीच फणसाला शिकवून ठेवलंय.

"फणस तुमच्या करवतीच्या मशीनवर कापता, रताळं हाताने कापलंत," मी म्हटलं. "आता खा. गार होतंय."

ते ताटावरून उठले. रताळं तसंच! पापडीला जाऊन करवतीचा कोन तपासला तर तो केसभर सरकलेला. एका तुकड्यात केसभर, पण सगळे तुकडे मिळून दामूभाऊंच्या केळीच्या मुनव्याएवढा!

त्यानंतर कडी जुळली. वाडगा मशीनवर फिरला, टिकला, उतरला. तेल-मेण लावल्यावर असा काही दिसला की दामूभाऊ हळूच हात जोडून उभे राहिले. मेरीबाईंनी मला कपभर चहा दिला. मी एक घोट घेतला आणि काय सांगू? सवय गेलेली, घशाखाली उतरेना! देव मागितलेलं देतो, पण आपली थोडी मजाही करतो.

आता सगळं झालं असं मला वाटलं. बस्त्यावभावोजींनी मात्र ह्यांच्या डोक्यात किडा सोडला. "परब, लाकूड जिवंत असतं. हॉलमध्ये एसी असतो. एखादा सांधा उघडला तर?" झालं! लग्नापर्यंत हे रोज सकाळी माझ्या आधी उठून वाडग्याला कान लावायचे.

* * *

लग्नाच्या दिवशी विरारच्या हॉलमध्ये रुखवत मांडलं. मधोमध वाडगा. नवऱ्या मुलाची आजी चांदीपहून आलेली. नव्वदीला टेकलेली, काठी हातात, नजर सुईसारखी. रुखवताला नावं ठेवायचा मान वरपक्षाचा, आणि आजींनी तो कुणाला दिला नाही. लाडू लहान, करंजी फिकट. वाडग्यापाशी येऊन मात्र थांबल्या. उचलला, उलटा केला, नखाने टकटक केलं आणि तो काखेत मारून चालू लागल्या. थेट मांडवात!

आमच्याकडे कन्यादान आधी आणि मंगलाष्टकं नंतर. पाहुणे अक्षता मुठीत घेऊन बसलेले, बँडवाले तयारीत. मी पाण्याची झारी उचलली. खाली पाणी झेलायला काशाचं भांडं. आजींनी ते काठीने बाजूला सारलं आणि वाडगा ठेवला.

"शोभेला केलाय का कामाला? पानी ह्याच्यात पडू द्या."

भटजींनी माझ्याकडे बघितलं. मला सगळी शास्त्रं आठवली. काशाचंच हवं, जोडलेलं चालत नाही. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा तांदळासारखा पांढरा.

मी धार सोडली. अगदी बारीक.

"आनखी सोड, बाय," आजी म्हणाल्या.

मी सोडली. भटजी मंत्र म्हणताहेत, लेकीचा हात ह्यांच्या हातात, आणि हे वाकून वाडग्याच्या बुडाकडे बघताहेत!

"बाबा," ऋचा पुटपुटली, "मी वर आहे!"

वाडगा भरला. आजींनी तो दोन्ही हातांनी उचलला. त्यांनी बुडाखालून तळवा फिरवला, बघितला, पुन्हा फिरवला. आणि तो कोरडा तळवा वर करून सगळ्या हॉलला दाखवला.

पहिल्या रांगेत बस्त्यावभावोजी ताडकन उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांचं बघून दामूभाऊ. टाळ्या ऐकून बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. बँड ऐकून चारशे माणसांनी अक्षता उधळल्या!

भटजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, "अहो थांबा! थांबा! अजून अंतरपाट धरलेला नाही! लग्न लागायचंय!"

आजींनी केसांतल्या अक्षता झटकल्या, भरला वाडगा छातीशी धरला आणि म्हणाल्या, "आमच्याकडून लागलं म्हना!"