पत्रिकेखालचा नंबर

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या दशक्रियेच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. लोणावळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली, त्यामुळे घरातलं लिहिण्याचं काम माझ्याकडेच येतं. ‘पुस्तकं आणि मोगरा यांवर जीव असणारी’ हे वाक्य चांगलं जमलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. खाली शोकाकुल म्हणून तिच्या एकुलत्या मुलीचं नाव, इयत्ता, शाळा. संपर्कासाठी बहिणीचाच नंबर दिला, कारण मेहुणे कारखान्यात असले की त्यांचा फोन लॉकरमध्ये असतो. पत्रिकेचा फ्लेक्स बहिणीच्या सासरी, टाकव्याला फाट्यावर लागला आणि पत्रिकेचा फोटो गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. आमच्याकडे तशी रीतच आहे.

बहिणीचा फोन पुढे भाचीकडे राहिला. ती बारा वर्षांची. त्यात आईच्या आवाजातले मेसेज होते, म्हणून तो तिच्याकडून कुणी मागितला नाही.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, ती माझ्याकडे राहायला आली. मी पोहे भिजवत होते.

“मावशी, उद्या मला स्टेशनवर सोडशील? आईची मैत्रीण येणार आहे मुंबईहून.”

“कोण मैत्रीण?”

“फोनवर लिहिते ती मला. तुला सांगू नको म्हणाली, तू फोन काढून घेशील म्हणून. पण एकटीनं जायची भीती वाटते.” मग मला पटावं म्हणून तिने पुढे जोडलं, “खरीच मैत्रीण आहे गं. म्हणते, तुझ्या आईचा पुस्तकं आणि मोगरा यांवर जीव होता.”

ते वाक्य माझं होतं.

मी फोन मागितला. तिने दिला, पण हातातून सोडला नाही, म्हणून आम्ही दोघींनी तो धरूनच वाचला. आधी जेवलीस का, अभ्यास झाला का. मग गणवेशातला फोटो पाठव. मग बाबा रात्रपाळीला कधी असतात. शेवटी, रविवारी एकटीच ये.

मी कपाटातून पत्रिका काढून तिच्यासमोर ठेवली. ती बोट ठेवून वाचत गेली: शाळा, इयत्ता, मोगरा, नंबर.

“म्हणजे तिला आईचं याच्यापेक्षा जास्त काहीच माहीत नाही?”

“नाही.”

“बाई तरी आहे का ती?”

“तेही आपल्याला माहीत नाही.”

तिने पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, “रोज विचारायची, जेवलीस का.”

त्या दोन महिन्यांत मी तिला किती वेळा फोन केला होता, ते मला माहीत होतं.

मेहुण्यांना बोलावून घेतलं आणि त्याच दुपारी तिघं पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी मेसेजचे फोटो काढून घेतले. उत्तर देऊ नका, काही पुसू नका, तो नंबर ब्लॉक करा आणि मुलीचा नंबर बदला, असं सांगितलं. भाचीला म्हणाल्या, “तू मावशीला सांगितलंस ना? बास. बाकी तुझी काही चूक नाही.”

फ्लेक्स अजून फाट्यावरच होता; तो उतरवायला मी स्वतः गेले. मेहुण्यांचे चुलते शिडी धरून उभे होते.

“ताई, लय शिकलेल्या तुमी. तुमीच लिवलंत, आन आता तुमीच काढताय व्हय?”

“व्हय आबा. चुकलं माझं.”

फ्लेक्सची गुंडाळी त्यांनीच केली.

सिमकार्ड काढलं, फोन तसाच ठेवला. आवाज त्यात आहेत. नवा नंबर घरच्या चौघांकडे आहे. मी तिला रोज संध्याकाळी सहाला फोन करते आणि पहिला प्रश्न जेवणाचाच विचारते. सुरुवातीला ती “सहा वाजता कोण जेवतं?” म्हणायची. आता नुसतं “नाही अजून” म्हणते.

वर्षश्राद्धाची पत्रिकाही मीच लिहिली. नाव, तिथी, जागा, एवढंच. छापायला देण्याआधी भाचीला वाचायला दिली.

“खाली नंबर कुणाचा?”

“माझा.”

तिने तो आकडा-आकडा करून तपासला आणि कागद परत दिला.