पाचवीचे हात

माझ्या पहिल्या सराव पाठाला अध्यापक कॉलेजच्या मॅडम गुण द्यायला मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि तो वाळल्यावर पाचवीच्या मुलांना विचारलं, "पाणी कुठे गेलं?" सगळे गप्प. मग हळूहळू एकेक हात वर आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तास संपल्यावर वर्गातली सायली म्हणाली, "आमच्या बाईंनी हे दिवाळीआधीच शिकवलंय."

"मग आधी गप्प का बसलात?"

"लगेच सांगितलं असतं तर तुम्ही काय शिकवलं असतं? मागे तुमच्या मॅडम बसल्या होत्या ना."

मॅडमनी मला चांगले गुण दिले. पाठाच्या वहीत 'विद्यार्थी काय शिकले' हा रकाना मात्र अजून कोरा आहे. काय लिहू ते घरी विचारावं, तर घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली.