ओतिलियाचा चेहरा आतल्या बाजूला

गच्ची. मागे हुआरेस गावाचे उघडेबोडके डोंगर, नोव्हेंबरातलं फिकट ऊन. मध्यभागी पत्र्याच्या तीन पेट्या, एकेक छोट्या खोलीएवढी. उजवीकडच्या शिडीवरून प्रवेश: आबुंदिओ केसादा, खांद्यावर दोरीचं वेटोळं, तोंडात शिवी.

आमच्या गोलोंद्रिना नाट्यगृहाच्या गच्चीवर हा प्रवेश मी वर्षानुवर्षं पाहिला. मी खाली राण्यांच्या भूमिका करायचे आणि वर आबुंदिओ आमच्यासाठी हवामान करायचा. त्या तीन पेट्यांतले दोन पाण्याचे कूलर आणि एक गॅसवरचा हीटर. कूलर झोपले की हीटर उठवायचा, एप्रिलात हीटर झोपवून कूलर उठवायचे. झोपवणं म्हणजे नुसतं बटण बंद करणं नव्हे. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, नाहीतर पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री नळ्या फुटतात. गवताच्या जाळ्या फेकायच्या, तळाचे क्षार व्हिनेगर ओतून खरवडायचे, पट्टे उतरवायचे. पंप आणि मोटरी तेल देऊन रंगमंचाखालच्या कोठीत ठेवायच्या. मोटरी तो आमच्या फाटक्या पोशाखांत गुंडाळायचा. माझा एक मखमली झगा त्यातच गेला. मी कुरकुरले तर म्हणाला, "राणीसाहेब, ही मोटर तुमच्यापेक्षा कमी भाव खाते. तिला शोभतो."

मग पेटी झाकायची. आमच्याकडे कूलर जुन्या फ्लेक्सने झाकतात. निवडणूक झाली की गावभरच्या गच्च्यांवर पडलेले उमेदवार दात काढून आभाळाकडे बघत असतात. आबुंदिओ म्हणायचा, "बिचारे! जन्मात पहिल्यांदा कामाला आले." नाट्यगृहाच्या गच्चीवर मात्र आमच्याच नाटकांचे फ्लेक्स. त्यातला एक मोठ्या कूलरसाठी राखलेला, आणि तो नेहमी उलटा बांधलेला, चित्र आत, पांढरी बाजू बाहेर.

त्यावर ओतिलिया होती. त्याची बायको. ती आमचे कपडे शिवायची. सुया तोंडात धरून सगळ्यांचे संवाद पुटपुटायची. 'मिठाची राणी' नाटकाच्या वेळी मी आजारी पडले आणि तो एक हंगाम माझ्या जागी ती उभी राहिली. काय उभी राहिली! तेव्हा हा फ्लेक्स छापला, तिचा चेहरा दाराएवढा. घरी तिचा नीट फोटोसुद्धा नाही, कॅमेरा दिसला की पळायची. ती गेल्यावर उरला तो हा एक फ्लेक्स. आमचं ऊन एका हंगामात रंग खाऊन टाकतं, म्हणून चेहरा आत. हिवाळाभर कूलरवर, उन्हाळाभर कोठीत, गुंडाळलेला.

एका नोव्हेंबरात आबुंदिओ कोठीत गेला आणि ओरडतच वर आला. फ्लेक्सची एकही गुंडाळी नव्हती. त्यांच्या जागी नव्या करड्या ताडपत्र्यांची चळत होती.

नवे व्यवस्थापक बेरुमेन. वाईट माणूस नव्हे, पण घाई फार. समोर हॉटेल झालं होतं आणि तिथल्या वरच्या खोल्यांतून आमची गच्ची दिसते, म्हणून ती त्यांना नीटनेटकी हवी होती.

"चिंध्या होत्या त्या, दॉन आबुंदिओ," ते अदबीचं 'दॉन' लावून म्हणाले. "भंगारवाल्याला दिल्या. या बघा, कशा एकसारख्या!"

"चिंध्या? मला विचारायला तुमची जीभ झडली होती काय?"

"अहो, नव्याकोऱ्या ताडपत्र्या मिळाल्या आणि तुम्ही रडता कशाला?"

आबुंदिओने पाना गच्चीवर असा आपटला की हॉटेलातल्या दोन खिडक्या उघडल्या. बेरुमेन खाली सटकले. मला वाटलं, आता हा सगळं टाकून निघून जाईल. तेवढ्यात तो कठड्याशी थिजला.

गल्लीपलीकडे टायरवाल्या चोनची बुटकी गच्ची. तिथल्या कूलरवर ओतिलिया उताणी पडली होती. चेहरा उन्हात. वाऱ्याने उडू नये म्हणून बरोबर तिच्या तोंडावर ट्रकचा जुना टायर ठेवला होता.

तो शिडी कशी उतरला ते मी पाहिलं नाही. गुडघे सावरत मी पोचले तेव्हा त्याने चोनची कॉलर धरलेली होती.

"काढ तो टायर! माझ्या बायकोच्या तोंडावरचा टायर काढ!"

"कसली बायको? फ्लेक्स आहे तो, भंगारवाल्याकडून घेतलाय! राणीसाहेब, याला सांगा, उन्हात डोकं फिरलंय याचं."

मी सांगितलं, पण दुसरंच. चोनचा चेहरा उतरला. "ओतिलिया? जिने माझ्या पोरीचा लग्नाचा झगा शिवला ती? मी घाईघाईत टाकला हो वर, बघितलंसुद्धा नाही." मग डोकं खाजवत म्हणाला, "ने बाबा. पण उत्तरेचा वारा सुटलाय. माझा कूलर काय उघडा ठेवू?"

आबुंदिओ परत गेला. मोठ्या कूलरसाठी आलेली करडी ताडपत्री खांद्यावर टाकून आला आणि चोनच्या तोंडावर फेकली. "घे. नवीकोरी. हॉटेलवाले तुझ्यावर खूष होतील."

दोघांनी मिळून अदलाबदल केली. चोनने टायर स्वतः उचलला. ओतिलियाच्या हनुवटीभोवती काळं कडं उमटलं होतं. आबुंदिओने आमच्या गच्चीवर फ्लेक्स पसरून साबणाने धुतला. कडं निम्मं गेलं. निम्मं राहिलं. तो घासत होता आणि शिव्या देत होता, बेरुमेनना, चोनला, हॉटेलला, उन्हाला. तिला निष्काळजीपणे कोठीत ठेवल्याबद्दल स्वतःलाही.

बेरुमेन पुन्हा वर आले. ताडपत्रीचं विचारायलाच आले असावेत, पण फ्लेक्स पाहून थबकले.

"काय देखणी बाई आहे!" ते म्हणाले. "दॉन आबुंदिओ, चेहरा बाहेर करून बांधा ना. हॉटेलवाल्यांना दिसेल. आपली जाहिरातही होईल."

मी डोळे मिटले. आता पाना उडणार, अशी माझी खात्री होती.

पाना उडाला नाही. आबुंदिओने फ्लेक्स पेटीवर ओढून घेतला, उलटा करायला एक कड उचलली आणि दोरीचं एक टोक व्यवस्थापकांच्या हातात कोंबलं.

"हे घट्ट धरा, साहेब. आणि मान तिकडे वळवा."