गाभाऱ्यामागची खोली

पहाटे चारला नळाला पाणी आलं की करिश्माचा दिवस सुरू व्हायचा. तुळजापुरात आमच्या शेजारी ती आणि तिची आई दैवशाला राहतात. लॉजच्या चादरी धुणं हे दैवशालाचं काम. मनगट सुजल्यापासून तिला चादर पिळता येत नव्हती, ते करिश्मा करायची. आईसाठी मोठं वॉशिंग मशीन घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

चादरी वाळत घातल्या की ती लॅपटॉप उघडायची. पुण्याच्या एका कंपनीनं तिला व्हिडिओ गेम तपासायचं काम दिलं होतं. एक सरदार पडक्या देवळातली गुप्त खोली शोधतो, असा तो खेळ. खोली कशी उघडते, हे कंपनीनं मुद्दाम सांगितलं नव्हतं. महिन्यात सापडली तर काम कायम, नाहीतर बंद.

मी जन्मभर एसटीच्या आगारात गाड्यांची चाकं बदलली. बसून केलेल्या कामाला मी काम धरत नसे. हिचं पाहिलं आणि धरलं. ती सरदाराला देवळाच्या भिंतींवर धडकवायची, एकही दगड न सोडता.

"उगं कशाला धडका घेतीस?" दैवशाला म्हणायची.

"आई, ह्याचे पैसे मिळत्यात."

"डोकं त्याचं फुटतंय, पैसे तुला व्हय?"

महिना संपत आला, खोली सापडेना. गाभाऱ्यात शिरताना करिश्मा दर वेळी उडीचं बटण दाबायची. एका दुपारी बोट दुखलं, म्हणून दाबलं नाही. सरदाराचा पाय उंबऱ्यावर पडला. उंबरा खाली दबला आणि मागची भिंत सरकली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ही घरची शिकवण तिनं खेळातही पाळली होती.

तिनं हात जोडले. मग पुन्हा पाय दिला, पुन्हा दिला. एकदा उघडलं म्हणजे तपासलं असं होत नाही.

"देवाच्या उंबऱ्यावर पाय?" आई ओरडली.

"म्या कुठं? त्यो देतोय."

"आन् बटण कोण दाबतंय? तुझी आत्या?"

काम कायम झालं. दिवाळीनंतर सोलापूरहून टेम्पोत मशीन आलं. मी, करिश्मा आणि टेम्पोवाल्यानं ते उतरवलं. पहिल्या चादरी बाहेर आल्यावर दैवशालानं एकीचं टोक मुठीत दाबून पाहिलं. पाणी निघालं नाही.

"बरं पिळतंय," ती म्हणाली.