पेनल्टी बरोबर होती

मित्रांनो, आज माझ्याच वागण्यानं माझी मान खाली गेली.

मुलगा सैनिकी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन आहे. यंदा एकही सामना न हरता पोरं नंदुरबारला फायनलमध्ये पोचली होती. पंचांनी समोरच्या संघाला पेनल्टी दिली आणि मी शिव्या देत मैदानात घुसलो. पंचांची कॉलर धरली.

सामना तिथंच थांबवला. चषक समोरच्यांना दिला.

मुलानं माझ्यादेखत पंचांना सॅल्यूट केला. "सर, वडिलांच्या वतीनं माफी मागतो. पेनल्टी बरोबर होती. बॉल माझ्याच हाताला लागला होता."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पप्पा, आते तुम्ही घर जा."

आत्ताच सारंगखेड्याला घरी पोचलोय. रविवारी हॉस्टेलवर पालकांना भेटू देतात. कोणत्या तोंडानं जाऊ, सांगाल?